आठवड्याची गोळी आणि दंडावरची लस

वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस पहिल्यांदा टोचली ती स्वतःला, १० जानेवारी १८९७ रोजी. मुंबईत प्लेग शिरून तेव्हा साडेतीन महिने झाले होते आणि माणसं गावाकडे पळत होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत हाफकिन मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत, त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू वाढवत, मग उष्णतेने ते मारत आणि त्याच द्रवाची लस करत. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना ती टोचली गेली, उरलेल्यांना नाही, आणि दोन्ही गटांतले आजारी व मृत मोजण्यात आले. त्या वर्षातल्या पुण्याच्या प्लेगची आठवण आपल्या मनात रँड आणि चापेकर बंधूंच्या नावाने कोरलेली आहे. मुंबईत त्याच वेळी चाललेलं हे काम मात्र क्वचितच कुणाला आठवतं.

दोन वर्षांनी, १८९९ साली, हाफकिन यांना परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस मिळालं. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी १८८२ मध्ये याच वाड्यात कॉलऱ्याने गेली आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला बस्तान हलवलं. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे फर्ग्युसन. जिथे कॉलरा शिरला त्या रिकाम्या वाड्यात लशी बनू लागल्या. १९२५ साली संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं.

इथवरचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला सांगायचं आहे ते याच इमारतीत पुढे झालेल्या दुसऱ्या एका कामाविषयी. त्या कामाच्या ओघात पुढे एक औषध जन्माला आलं. ते औषध आज महाराष्ट्रातले असंख्य संधिवाताचे रुग्ण आठवड्यातून एकदा घेतात, आणि तेच औषध लशीने शरीरात उभं राहणारं संरक्षण कमी करतं. लस बनवणारी भिंत आणि लशीचा जोर उतरवणाऱ्या औषधाचा उगम जिथे आहे ती भिंत एकच. दोन्ही धागे १२४ वर्षांनी, २०२१ साली, खेड्यापाड्यांतल्या लसीकरणाच्या टेबलापाशी येऊन भेटले. त्या टेबलांपैकी एक आमच्या मावळातल्या कार्ला गावचं.

१९२८ साल मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात मोठं. एप्रिलमध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच वर्षी विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना प्रसूतीच्या रजेत भत्ता द्यावा की नाही यावर वाद झाला. रजेचा बोजा काही अंशी सरकारने उचलायला हवा, कारण आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचं हित आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढच्या वर्षी कायदा झाला. गिरणीकामगारांत तेव्हा साधारण पाचात एक बाई होती. सूत गुंडाळण्याच्या खात्यात उभ्याने काम, चाळीतली एक खोली, आणि ताटात भाकरी किंवा भात, पातळ डाळ, मिरची. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या माणसांत मावळचेही होते. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली आणि आमच्याकडचा माणूस पोटासाठी मुंबईला जाऊ लागला. मुंबईच्या डबेवाल्यांची गावं आजही विचारा, मावळ आणि त्याच्या शेजारचे तालुके निघतील.

या बायकांपैकी कित्येक जणी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पांढऱ्याफटक पडत. दम लागे, पायांवर सूज येई, जेवण जात नसे. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत त्या दगावत. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. इथे उलटं होतं. डॉ. मार्गारेट बाल्फोर माता-मृत्यूंची चौकशी करत होत्या. त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून डॉ. ल्यूसी विल्स यांना बोलावून घेतलं. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र केंब्रिजमध्ये शिकून तिशीनंतर डॉक्टर झालेली ही बाई चाळिसाव्या वर्षी मुंबईत उतरली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागली.

विल्स यांनी सुरुवात केली ती घरांपासून. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली. तो अहवाल १९३० साली छापला गेला. कोण काय खातं, भाजी किती, फळ किती, दूध किती, याची नोंद. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान घरांतल्या बायकांचा होता आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वांत जास्त होता. जंतूचा शोध घेतला, पण तसा काही पुरावा सापडला नाही. मग प्रश्न एवढाच उरला की त्या ताटात नेमकं काय कमी आहे.

त्याचं उत्तर मिळवायला विल्स यांनी तोच आहार आधी उंदरांना दिला. तिथे उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूने सगळा घोळ केला. मग माकडांना दिला. माकडं त्या बायकांसारखीच पांढरी पडली. त्या काळी यकृताचा शुद्ध अर्क हा दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावरचा नवा उपाय होता आणि त्याच्या शोधाला पुढे १९३४ साली नोबेलही मिळालं. पण या आजारात शुद्ध अर्काने काही होईना. कच्च्या, कमी शुद्ध केलेल्या अर्काने मात्र फरक पडे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होतं. तेच काहीतरी विल्स यांना मार्माइटमध्ये सापडलं. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. तो आधी माकडांना दिला, मग बायकांना. काही दिवसांत नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागल्या, भूक परतली, अंथरुणाला खिळलेली बाई उठून बसली. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. त्या अज्ञात पदार्थाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

इथे मला कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होते. मळवली स्टेशनावर उतरून डावीकडे वेहेरगावच्या वाटेने डोंगर चढलं की एकवीरेच्या देवळाला लागूनच ते भव्य लेणं आहे. तिथे भिंतीवर, खांबांवर देणगीदारांची नावं खोदलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचा गंधिक सिंहदत्त, कुणी सुतार, कुणी यवन. कुणी एक खांब दिला, कुणी दाराचं मुख दिलं, आणि दोन हजार वर्षांनीही त्यांचं नाव वाचता येतं. परळला ज्या बायकांनी बोटाला सुई टोचू दिली, अपरिचित काळा अर्क गिळला आणि ज्यांच्या रक्तातून जगाला एक जीवनसत्त्व कळलं, त्यांची नावं इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. विल्स यांचं नावही मराठी शाळेतल्या मुलांना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढची गोष्ट अमेरिकेत घडली आणि भराभर घडली. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालकातून हा पदार्थ वेगळा करण्यात आला. पानातून मिळाला म्हणून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. न्यूयॉर्कजवळच्या लेडरली कंपनीत आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने १९४५च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार केलं. बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत होते. या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची रसायनं दिल्यावर आजार बळावतोय असं त्यांना दिसलं. मग त्यांच्या मनात उलट विचार आला: फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं, पण त्याचं काम अडवणारं रसायन दिलं तर? सुब्बारावांच्या चमूने तशी रसायनं बनवून दिली. त्यांतल्या अमिनोप्टेरिनने १६ मुलांपैकी १० मुलांचा आजार काही काळासाठी मागे हटला. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. अमिनोप्टेरिनचं जरा सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

दोन्ही गोष्टींचं मर्म एकच आहे. पेशी दुभंगून दोन व्हायची तर तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते, आणि त्या कामाला फोलेट लागतं. परळच्या गरोदर बाईच्या हाडातल्या मगजाला फोलेट मिळत नव्हतं, म्हणून तिथल्या पेशी नुसत्याच फुगत आणि दुभंगत नसत. बोस्टनच्या मुलाच्या रक्तातल्या कर्कपेशींचं फोलेट मुद्दाम अडवलं, म्हणून त्या थांबल्या. उपासमारीने जे नकळत केलं, तेच औषधाने जाणूनबुजून केलं.

मग हे औषध सांध्यांपर्यंत कसं पोचलं? १९५१ साली रिचर्ड गबनर यांनी संधिवाताच्या आणि सोरायसिसच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन दिलं आणि सांध्यांची सूज उतरलेली पाहिली. पण दोनच वर्षांपूर्वी कॉर्टिसोनचा चमत्कार जगाने पाहिला होता. अंथरुणावरून उठता न येणारे रुग्ण चालू लागल्याचं पाहून डॉक्टर त्यातच गुंतले आणि गबनर यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. कॉर्टिसोनच्या जातीच्या औषधांचे दुष्परिणाम ठळक व्हायला आणि मेथोट्रेक्सेटकडे वळायला तीन दशकं गेली. १९८५ साली चांगल्या चाचण्यांनी त्याचा गुण सिद्ध झाला, १९८८ साली अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली. आज ते जगभर या आजाराचं पहिलं औषध आहे. स्वस्त आहे आणि नीट देखरेखीखाली घेतलं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवतं.

मधल्या काळात अशा औषधांचा दुसरा पैलू समोर आला होता. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी तयार केलेलं ६-मरकॅप्टोप्युरिन हेही पेशींचं दुभंगणं अडवणारं औषध. १९५८-५९ साली बोस्टनच्या रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमशेक यांनी सशांना परकं प्रथिन टोचलं आणि त्याच दिवसांत हे औषध दिलं. एरवी अशा प्रथिनाविरुद्ध सशाच्या रक्तात अँटिबॉडी उसळतात. या सशांत त्या उसळल्याच नाहीत. तो शोधनिबंध वाचून रॉय काल्न या तरुण इंग्रज शल्यविशारदाने कुत्र्यांच्या मूत्रपिंड-रोपणात हेच औषध वापरून पाहिलं, आणि त्यातून माणसातल्या अवयव-रोपणाचा रस्ता खुला झाला. रोपण झालेल्यांसाठी तो प्रयोग वरदान ठरला. पण नीट पाहिलं तर सशांवरचा तो प्रयोग म्हणजे लशीवर औषधाचा काय परिणाम होतो याचाच प्रयोग होता. परकं प्रथिन टोचणं आणि लस टोचणं यांत शरीराच्या दृष्टीने फरक नाही. ती बाजू कित्येक वर्षं रोपण करणाऱ्यांच्या कोपऱ्यातच राहिली.

दंडावर लस टोचली की काही जणांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काखेत गाठ हाताला लागते. खरं काम तिथे चालू असतं. लशीतला अंश ओळखणाऱ्या मोजक्या बी-पेशी त्या गाठीत दिवसातून दोनतीनदा दुभंगत जातात, त्यांतल्या जास्त अचूक पेशी निवडल्या जातात आणि त्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणारी फौज उभी राहते. पहिले दोन आठवडे निर्णायक. मावळातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला लागणार नाही: लावणीच्या दिवसांत खाचरात पाणी तुटलं तर पुढे श्रावणभर पाऊस पडूनही ते भात भरून निघत नाही. मेथोट्रेक्सेट त्याच दिवसांत पोटात असेल तर या दुभंगण्याला खीळ बसते. संधिवातातला त्याचा गुण मात्र मुख्यतः दुसऱ्या वाटेने येतो असं आता मानतात, म्हणूनच या गोळीसोबत डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, तोंड येणं, मळमळणं कमी व्हावं म्हणून, आणि तरीही सांध्यांचा आराम टिकतो. ल्यूसी विल्स यांनी जे शोधलं आणि सुब्बारावांनी ज्याचा प्रतिस्पर्धी घडवला, ती दोन्ही रसायनं आज एकाच रुग्णाच्या पिशवीत शेजारी शेजारी असतात.

ती पिशवी कशी असते हे ज्याच्या घरात संधिवात आहे त्याला सांगायला नको. प्लॅस्टिकची पिशवी, आत घड्या पडलेली फाइल, रक्ताच्या तपासण्यांचे कागद, आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं ‘फक्त रविवार’. पिवळसर बारीक गोळ्या, त्याही आठवड्यातून एकदाच. ही सूचना जीवन-मरणाची आहे, कारण रोज घेतली तर हीच गोळी हाडातला मगज कोरडा करते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दुसऱ्या वारी. महिना-दोन महिन्यांनी मळवलीहून पुणे लोकल पकडायची, मोठ्या दवाखान्यात नंबर लावायचा, यकृताची तपासणी करायची आणि अंधार पडता पडता परत यायचं. पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली सुमारे चार हजार प्रौढांची घरोघर पाहणी केली होती. त्यात बोटं वाकडी करणाऱ्या या उग्र संधिवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) प्रमाण हजारात पाचच्या आसपास आढळलं. हा आकडा लहान वाटतो. पण पाच हजार प्रौढांच्या वस्तीत पंचवीस माणसं, त्यांतल्या बहुतेक बायका, आणि त्यांच्या हातांवर उभी असलेली घरं.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं. त्या मोहिमेचा मोठा भाग पुणेकर होता. कोव्हिशिल्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनत होती. कोव्हॅक्सिनसाठी लागलेला विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता. १ मार्चपासून साठीपुढच्यांना आणि पंचेचाळिशीपुढच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. सरकारच्या वीस सहव्याधींच्या यादीत मूत्रपिंड-रोपण झालेले होते, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारेही होते. म्हणजे या रुग्णांना धोका जास्त आहे हे सरकारला माहीत होतं आणि त्यांना रांगेत पुढे घेतलंही गेलं. पण त्यांची लस इतरांइतकी लागते का, गोळी कधी घ्यावी, याविषयी त्या टेबलापाशी कुणाकडे लेखी उत्तर नव्हतं.

कार्ल्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असो की दुसऱ्या कुठल्या, दृश्य सारखंच होतं. आधार कार्ड, टोकन, टोचणं, अर्धा तास बाकावर बसणं. ‘काकू, काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला ‘बीपीची गोळी आहे’ एवढं उत्तर येई आणि रांग पुढे सरके. रविवारची गोळी सांगायचं सुचत नसे, कारण ती रोजची नाही. ज्यांना सुचे त्यांतल्या काहींना कुणीतरी परस्पर ‘मग तुम्ही लस नकाच घेऊ’ म्हणून परत पाठवी. हा सल्ला साफ चुकीचा होता. कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्हींतला विषाणू शरीरात वाढू शकत नाही. अशा लशी प्रतिकारशक्ती दबलेल्यांनाही सुरक्षित असतात. अडचण असते ती लस कमी लागण्याची.

ती किती कमी लागते आणि काय करावं हे पुढच्या वर्षभरात कळलं. पाया आधीच घातला गेला होता: दक्षिण कोरियात सोलच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवून पाहिलं होतं. थांबवणाऱ्यांत ७५.५ टक्के रुग्णांना समाधानकारक प्रतिसाद आला, चालू ठेवणाऱ्यांत ५४.५ टक्क्यांना. कोविडच्या वेळी हाच प्रश्न पुण्याच्या लशीवर विचारला कोचीच्या डॉ. पद्मनाभ शेणॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. संधिवात असलेल्या आणि कोव्हिशिल्ड घेणाऱ्या रुग्णांच्या दोन चाचण्या त्यांनी केल्या. दोन्ही डोसांनंतर दोन-दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलेल्यांच्या अँटिबॉडी, चालू ठेवणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाल्या. पण दोनदा गोळी थांबवलेल्यांचे सांधेही जास्त भडकले. फक्त दुसऱ्या डोसानंतर थांबवलं तर अँटिबॉडीही वाढल्या आणि सांध्यांनी फारसा त्रास दिला नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमचे डॉ. अभिषेक यांनी २५४ रुग्णांवर बूस्टर डोसाच्या वेळी अशीच चाचणी केली आणि तिथेही दोन आठवड्यांच्या विश्रांतीने अँटिबॉडी दुपटीहून वाढल्या. तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता.

या चाचण्यांविषयी माझं मत स्पष्ट आहे. करोनाकाळातल्या संशोधनात अतिशय मोलाचं, आणि तरीही सामान्य माणसापर्यंत न पोचलेलं असं हे काम आहे. नवं यंत्र नको, महागडं औषध नको. फक्त दोन रविवार गोळी घ्यायची नाही. असा उपाय गरिबाच्या आवाक्यातला असतो, म्हणून तो दवंडी पिटून सांगायला हवा होता.

सगळी औषधं सारखी नाहीत, हेही त्याच वेळी स्पष्ट झालं. प्रेडनिसोलोनचा डोस जितका मोठा, तितका लशीचा प्रतिसाद कमी. रोपणाच्या रुग्णांना दिलं जाणारं मायकोफेनोलेट चांगलंच आड येतं. सर्वांत मोठा अडसर रिटक्सिमॅबचा. हे शिरेतून दिलं जाणारं औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींच्या आधीच्या पिढ्याच पुसून टाकतं. ते दिल्यानंतर काही महिन्यांत घेतलेल्या लशीला कित्येक रुग्णांत अँटिबॉडी मुळीच येत नाहीत. तिथे गोळी थांबवण्याचा उपाय चालत नाही. लस पुढच्या रिटक्सिमॅबच्या थोडी आधी घ्यायची आणि ते इंजेक्शन किमान दोन आठवडे पुढे ढकलायचं, असा क्रम लावावा लागतो. एक दिलासा मात्र मिळाला. अशा रुग्णांत अँटिबॉडी नसल्या तरी टी-पेशींचं संरक्षण बऱ्याचदा तयार होतं. म्हणून लस फुकट जात नाही.

धोरणाने मात्र हा फरक उशिरा ओळखला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलचा पास मिळू लागला. ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी राज्यातली देवळं उघडली, एकवीरेच्या पायऱ्यांवर पुन्हा कोळी बांधवांचा गजर ऐकू आला. प्रमाणपत्रावर दोन डोसांची नोंद असलेला प्रत्येक जण सारखाच सुरक्षित धरला गेला. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्येच प्रतिकारशक्ती दबलेल्यांना तिसरा डोस मंजूर केला होता. आपल्याकडे तो प्रिकॉशन डोस म्हणून १० जानेवारी २०२२ रोजी सुरू झाला, हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली त्या दिवसाला बरोबर १२५ वर्षं झाली तेव्हा. तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधीग्रस्त यांच्यासाठी होता. पन्नाशीतली, रिटक्सिमॅब घेणारी, पहिल्या दोन डोसांतून बहुधा काहीच अँटिबॉडी न मिळालेली बाई त्यात बसत नव्हती. तिच्यासाठी तो १० एप्रिलला उघडला, तोही खासगी केंद्रात पैसे मोजून. फुकट मिळाला १५ जुलैपासून. तोवर ओमायक्रॉनची लाट येऊन गेली होती. यादीत ज्यांना मार्च २०२१ मध्ये पुढे घेतलं, त्यांनाच प्रिकॉशन डोसाच्या वेळी विसरणं ही चूक होती आणि ती चूक म्हणूनच इतिहासात लिहिली जावी.

कोविड मागे पडला तरी प्रश्न संपलेला नाही. फ्लूची लस दर वर्षी येते, न्यूमोनियाची आहे, कावीळ-बीची आहे. फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं, आजार काबूत असेल तर, असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सांगितलं. इतर निर्जीव लशींसाठी गोळी चालू ठेवली तरी चालते. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लशी मात्र ही औषधं चालू असताना तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. शक्य असेल तर अशा लशी औषध सुरू होण्याआधीच घेऊन टाकाव्यात. निदान झालं त्या दिवशीच डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही.

तेव्हा मावळातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, वाचकाला एक विनंती. तुमच्या घरात संधिवात, सोरायसिस, ल्युपस किंवा रोपणासाठी औषधं घेणारं कुणी असेल, तर पुढच्या लशीला जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, आठवड्याच्या गोळीसकट, आणि नर्सताईंना दाखवा. गोळी थांबवायची की नाही, किती दिवस, हे आधी स्वतःच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. मनाने थांबवू नका, आणि थांबवली तर ठरल्या दिवशी पुन्हा सुरू करायला विसरू नका. आणि कुणी गोळीमुळे ‘तुम्ही लस घेऊच नका’ म्हणालं, तर तसेच घरी परतू नका. कुठली लस, हे नीट विचारा आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून मग ठरवा.